माळ्यावरचा वेताळ : जुन्या कॉमिक्सची पारख घरच्या घरी

दिवाळीच्या आधी माळा उतरवायला घेतला की घरोघरी तीन ढीग होतात. एक ठेवायचा, एक कुणाला तरी द्यायचा आणि एक रद्दीचा. तांब्या-पितळेची भांडी पहिल्या ढिगात जातात, आखूड झालेले कपडे दुसऱ्या ढिगात. आणि सुतळीने बांधलेला मुलांच्या चित्रकथांचा गठ्ठा? तो बहुतेक वेळा न सोडताच तिसऱ्या ढिगात जातो. रद्दीवाला काट्यावर टाकतो, किलोच्या भावाने पैसे हातावर ठेवतो, आणि माळा मोकळा झाला म्हणून आपणही सुटकेचा श्वास टाकतो.

माझं म्हणणं एवढंच, की तो गठ्ठा एकदा सोडून बघा. साडी घेताना आपण पदर उलगडून उजेडात धरतो. तांदूळ घेताना चार दाणे दाताखाली घालून बघतो. तीच नजर इथे लावायची आहे. शिकायला फार अवघड नाही, एक दुपार पुरते. पण ती दुपार दिली नाही, तर आपल्या घरातली वस्तू कशी आहे हे दुसराच कुणीतरी आपल्याला सांगतो आणि आपल्याला ते मान्य करावं लागतं.

गठ्ठ्यात काय असू शकतं?

मराठी घरांतल्या जुन्या गठ्ठ्यांत साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली. इंग्रजीपाठोपाठ ती मराठीतही निघू लागली. वेताळ आणि जादूगार मँड्रेक तिच्यामुळेच आपल्या घरात आले. १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला, त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणिया काढत. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली.

दुसरा प्रकार ‘अमर चित्र कथा’. १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली इंडिया बुक हाऊसने ती सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा ‘कृष्ण’, राम वाईरकरांनी चितारलेला, आणि तिथून मालिकेने आपली वाट धरली. तिसरा प्रकार मद्रासहून येणाऱ्या ‘चांदोबा’चा. तो कॉमिक नव्हे, सचित्र मासिक. पण पारखायची रीत तीच.

इथे एक फरक लक्षात ठेवा. ‘अमर चित्र कथा’ आजही छापली जाते. त्यामुळे घरात ‘कृष्ण’ सापडला म्हणजे तो जुनाच असेल असं नाही. जुन्या ‘कृष्ण’वर अंकाचा क्रमांक ११ आहे, नंतरच्या आवृत्त्यांवर ५०१. आणि ११ क्रमांकाच्याही पुन्हा पुन्हा छपाया झाल्या आहेत. म्हणून क्रमांक, किंमत आणि आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला मजकूर, तिन्ही बघा. किंमत पैशांत आहे की दहा-वीस रुपयांत, यावरूनही पुष्कळ कळतं.

जुनं म्हणजे मोलाचं?

नाही. जुना अंक मोलाचा ठरतो तो तीन गोष्टींवर : अंक कोणता, तो किती दुर्मीळ, आणि तो कोणत्या अवस्थेत आहे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी मात्र घरातल्या माणसांनी केलेली असते. कुणी जपून वाचलं, कुणी जेवताना ताटाशेजारी ठेवलं, कुणी उशीखाली घालून झोपलं. हे सगळं त्या कागदावर उमटतं.

अमेरिकेत या पारखीचं शास्त्रच झालं आहे. तिथे १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची किंमतपुस्तिका निघते आणि २००० सालापासून सीजीसी नावाची संस्था पैसे घेऊन अंकांची तपासणी करून देते. ०.५ ते १० असे गुण देतात आणि अंक पारदर्शक कडक डबीत बंद करतात. ०.५ म्हणजे लक्तरं, १० म्हणजे छापखान्यातून आत्ताच आल्यासारखा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे १९३९ सालचा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक ९१ लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेला. गुण होते ९. तीन भावांना तो आपल्या दिवंगत आईच्या माळ्यावर, खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला होता. उत्तर कॅलिफोर्नियाची थंड हवा त्याला मानवली.

आपल्या वेताळाला कोणी लाखो डॉलर देणार नाही, हे उघड आहे. पण त्या हकिकतीतला धडा आपल्याही कामाचा आहे. त्या अंकाच्या इतर प्रतीही जगात आहेत. किमतीतला फरक पडतो तो अवस्थेने.

बसण्याआधी

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हाताला तेल, क्रीम काही नको. टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरा, म्हणजे कागदाचा चुरा पडला तर लगेच दिसेल. खिडकीजवळ भरपूर उजेडात बसा, पण थेट ऊन कागदावर पडू देऊ नका. चहाचा कप दुसऱ्या खोलीत. एका वेळी एकच अंक हातात घ्या आणि सपाट ठेवून उघडा. वाचताना आपण पान मागे वळवून धरतो, तसं अजिबात करायचं नाही.

सहा ठिकाणी बघा

पाठ. जिथे अंकाची घडी आहे ती बाजू. अंक तिरका धरून उजेडात फिरवा. पाठीवर आडव्या बारीक रेघा दिसतील. रेघेवरचा रंग शाबूत असेल तर दोष लहान, रंग उडून पांढरा कागद दिसत असेल तर मोठा. पाठ वर-खाली उसवली आहे का, तेही बघा.

पिना. बहुतेक अंकांना घडीवर तारेच्या दोन पिना असतात. आपल्या दमट हवेत त्या गंजतात, गंज कागदात उतरतो आणि भोवतालचा कागद कुरतडल्यासारखा होतो. कव्हर दोन्ही पिनांना धरून आहे का? एकीतून सुटलंय का? मागाहून मारलेली जादा पिन किंवा दोऱ्याचे टाके असतील तर तो अंक एके काळी भाड्याच्या वाचनालयात फिरलेला असण्याचा संभव फार.

कव्हर. तकाकी, डाग, शाई, शिक्के आणि पाण्याची रेघ. पावसाचं पाणी लागून वाळलेल्या कागदावर तपकिरी कड राहते, ती कधीच जात नाही. मलपृष्ठही तितक्याच काळजीने बघा, ते आपण विसरतो.

कोपरे आणि कडा. कोपऱ्याचा कान दुमडून पुन्हा सरळ केलेला असला तरी घडी दिसतेच. कडेला अर्धवर्तुळाकार कुरतडल्याच्या खुणा म्हणजे कसर लागलेली. मातीसारखा थर आणि आरपार भोकं म्हणजे वाळवी. असा अंक लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा.

कागदाचा रंग. हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित. हे अंक स्वस्त, वर्तमानपत्री जातीच्या कागदावर छापलेले असत. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या या कागदात लिग्निन नावाचं द्रव्य राहतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं. कागदात आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू तोडतं. कपाटात अंथरलेलं वर्तमानपत्र वर्षभरात कसं होतं, ते आठवा. पानं सायीच्या रंगाची असतील तर उत्तम. पिवळी असतील तर ठीक. तपकिरी आणि पापडासारखी ठिसूळ असतील, चादरीवर चुरा पडत असेल, तर वरचं कव्हर कितीही झळझळीत असलं तरी अंक वरच्या पायरीवर जाणार नाही. कोपरा दुमडून परीक्षा घेऊ नका, त्या परीक्षेतच तो तुटतो. नाकाचाही उपयोग करा. कुबट वास म्हणजे ओल लागून गेलेली आहे.

पानांची मोजणी. पिनेच्या अंकात प्रत्येक कागद दुमडून चार पानं होतात. मधला कागद सुटून गेला तर एकदम चार पानं जातात. ‘अमर चित्र कथे’च्या बहुतेक अंकांत ३२ पानं असतात. छापील क्रमांक बघत शेवटपर्यंत जा. कोडी, जाहिराती, कापून पाठवायची कूपनं जागेवर आहेत का बघा. मुलांनी कात्रीने कापलेलं कूपन म्हणजे मागच्या बाजूचं चित्रही गेलं.

घरच्या पाच पायऱ्या

दहा गुणांच्या बारीक हिशेबात आपल्याला पडायचं कारण नाही. पाच पायऱ्या पुरतात. कंसातले आकडे त्या दहा गुणांतले, अंदाजासाठी.

१. उत्तम (९ च्या वर) : न वाचल्यासारखा. पाठ सपाट, पिना चकचकीत, कोपरे टोकदार. घरगुती गठ्ठ्यात असा अंक सापडणं म्हणजे नशीबच.

२. चांगला (६ ते ८) : जपून वाचलेला. पाठीवर दोन-चार बारीक रेघा, एखादा कोपरा जरा बोथट. कव्हर घट्ट, पानं पूर्ण.

३. मध्यम (३.५ ते ५) : मनसोक्त वाचलेला. घड्या, नाव, थोडा गंज, तकाकी गेलेली. पण अंक पूर्ण आणि एकसंध.

४. साधारण (२ च्या आसपास) : फाटलेला, डागाळलेला, पाठ उसवलेली, पण कथा सलग वाचता येते.

५. जीर्ण (१.५ पासून खाली) : पान किंवा कूपन गहाळ, कागदाचा चुरा होणारा, वाळवी लागलेला.

नियम एकच. जिथे दोन पायऱ्यांत मन अडकेल, तिथे खालची पायरी लिहा. आपल्या वस्तूवर आपली माया असते, आणि माया अर्धी पायरी वरच चढवते.

आता एक अंक सोबतीने बघू. समजा, सत्तरच्या दशकातला मराठी वेताळ आहे. कव्हरवरचे रंग झळझळीत. पहिल्या नजरेला वाटेल, दुसरी पायरी नक्की! आता पाठ बघा : पिनांजवळ तीन रेघा, दोन ठिकाणी रंग उडालेला. खालची पिन गंजलेली आणि मधल्या पानावर गंजाचा डाग. उजव्या कोपऱ्याला घडी. पहिल्या पानावर निळ्या शाईत ‘इयत्ता ५ वी ब’. कोडं पेन्सिलीने सोडवलेलं. पानं फिकट पिवळी पण लवचिक, मोजणी पूर्ण. म्हणजे अंक तिसऱ्या पायरीवर. एकेक दोष किरकोळ होता, पण सगळे मिळून पायरी उतरली. घाईने कव्हर बघून ठरवलं असतं तर आपण स्वतःलाही फसवलं असतं आणि विकायला काढला असता तर घेणाऱ्यालाही.

काकूंचा गठ्ठा

आमच्या शेजारच्या काकूंकडे त्यांच्या यजमानांनी लहानपणापासून जमवलेले साठ-पासष्ट ‘इंद्रजाल’ होते. काका गेल्यावर वर्षभराने काकूंनी ते काढायचं ठरवलं. एक गृहस्थ घरी आले, गठ्ठा वरवर चाळला आणि म्हणाले, “सगळे जुने, फाटकेच आहेत हो. सरसकट देत असाल तर बघा.” भाव सांगितला तो रद्दीपेक्षा थोडाच बरा.

काकू मला म्हणाल्या, “अगं, फाटकेच असतील तर त्यांचं तरी काय चुकलं? देऊन टाकते.” मी म्हटलं, “काकू, दोन दिवस थांबा. आधी आपण बघू या.”

दोन दुपारी आम्ही दोघी चादर अंथरून बसलो. खरोखर फाटके निघाले एकोणीस. पाच अंकांची मधली पानंच नव्हती. पण तेवीस अंक सरळ दुसऱ्या पायरीवर बसत होते. काकांनी ते ब्राऊन पेपरच्या पाकिटांत ठेवले होते, आणि ती पाकिटं त्या गृहस्थांनी उघडलीसुद्धा नव्हती. बाकीचे मध्यम. काकूंनी वहीत प्रत्येक अंकाचं नाव, क्रमांक, पायरी आणि दोष लिहून काढले. पुढच्या वेळी ते गृहस्थ आले तेव्हा काकूंनी वही पुढे केली. “हे फाटके, हे नाहीत. एकेकाचं बोलू या,” एवढंच म्हणाल्या. बोलणं एकेकावर आलं. काही अंक त्यांनी घेतले, काही पुढे दुसऱ्या एका हौशी माणसाने घेतले.

आणि काकूंनी अकरा अंक विकलेच नाहीत. ते पायरीने मध्यम होते, कारण त्यांवर काकांचं बालपणीचं अक्षर होतं. बाजाराच्या हिशेबात ते अक्षर म्हणजे दोष. काकूंनी वहीत तो दोष प्रामाणिकपणे लिहिला आणि समोर ‘ठेवायचे’ अशी खूण केली. मला वाटतं, पारख करायची ती याचसाठी. काय विकायचं हे तर कळतंच, पण काय विकायचं नाही हेही डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

सुधारायला जाऊ नका

आपल्याला फाटलेलं दिसलं की हात शिवशिवतो. इथे तो आवरा. सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर नकोच. घड्या मोडायला इस्त्री फिरवू नका. उडालेल्या रंगावर स्केचपेन लावू नका. जाणकाराला ते भिंगाखाली लगेच दिसतं, आणि दुरुस्ती लपवलेला अंक साध्या फाटक्या अंकापेक्षा जास्त बदनाम होतो. सीजीसी अशा दुरुस्त केलेल्या अंकांना वेगळ्या, जांभळ्या रंगाची चिठ्ठी लावते.

गादी-उशांना ऊन दाखवतो तसं पुस्तकांना दाखवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कॉमिक्सला ऊन दाखवू नका, रंग उडतात आणि कागद लवकर पिवळा पडतो. सावलीत, कोरड्या हवेत अंक पसरून ठेवणं पुरे.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. तो अंक घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, पूर्ण वाळल्यावर मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका आणि बाकीच्यांत मिसळू नका.

काही घरांत पंधरा-वीस अंक एकत्र बाइंडिंग करून घेतलेले असतात. हौसेने केलेलं असतं, पण बाइंडर तिन्ही कडा कापतो आणि पाठीला सरस लावतो, त्यामुळे सुट्या अंकाच्या मानाने ते खालच्या पायरीवर जातात. तरीही तो खंड सोडवू नका. सोडवताना आहे तेही फाटेल. खंड म्हणूनच ठेवा.

ठेवायचं ठरलं तर

प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनची स्वच्छ पिशवी आणि मागे आम्लविरहित जाड कार्ड, ही सर्वांत चांगली सोय. रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, ते घेऊ नका. एवढा खर्च नको असेल तर अंक सपाट ठेवा, वीसच्या वर चळत नको. पिनांमुळे पाठीची बाजू जाड असते, म्हणून पाच-पाच अंकांनंतर पाठीची दिशा उलटी करा, म्हणजे चळत तिरकी होत नाही. पातळ अंक नुसते उभे करू नका, मधून वाकतात.

जागा म्हणाल तर स्लॅबखाली तापणारा माळा आणि पावसाच्या माऱ्याची भिंत, दोन्ही वाईट. आतल्या भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा उत्तम. पोथ्यांत आपल्या आज्या वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवत. तो पातळ कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न लागेल असा ठेवा. डांबरगोळ्या पिशवीत टाकू नका. वर्षातून दोनदा, पावसाआधी मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर, कपाट उघडून हवा द्या.

विकायचे असतील तर कव्हर, मलपृष्ठ, पाठ आणि सर्वांत मोठा दोष, अशी चार छायाचित्रं मोबाइलवर काढा. दोष आधी सांगा. भाव बघताना लोक किती मागतात याकडे नको, प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं याकडे लक्ष द्या. मागायला कुणीही काहीही मागतो.

उरले चौथ्या-पाचव्या पायरीचे अंक. ज्यांना बुरशी-वाळवी नाही आणि कथा सलग आहे, ते रद्दीत घालू नका. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत पावसाळ्यात खेळाचा तास बुडाला की वर्गात नुसता गोंधळ. गेल्या पावसाळ्यात अशा अंकांचं एक खोकं मी वर्गात नेऊन ठेवलं. कव्हरं नव्हती, कोपरे गेलेले होते. पाचवीतली मुलं तीन-तीन जणं एका अंकात डोकं घालून बसली, आणि एकीने मान वर करून विचारलं, “बाई, याच्या पुढचा भाग आहे का?”